अश्विनीच्या कपाळी लावलेली माती

आपल्या तालमीच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आज रविवारी हिंडलग्यास मुलींच्या कुस्त्या झाल्या. माझी नात अश्विनी आखाड्यात उतरली. रीतीप्रमाणे मी तिच्या कपाळी तांबडी माती लावली व बजावले, "आपल्या घरात कुस्ती कुनी सोडत न्हाय."

समोरच्या मुलीने तिच्या मानेवर गुडघा रोवून घुटना डाव टाकला. अश्विनीचा चेहरा काळानिळा पडू लागला.

"कुस्ती सोड गं अश्विनी, मान मोडंल!" लोक ओरडत होते. अश्विनीने सोडली नाही. मलाही तेच ओरडायचे होते, परंतु सोडायची नाही असे मीच तिला बजावले होते.

पंचांनी कुस्ती सोडवली तेव्हा ती हालत नव्हती. तोंडावर पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले व मलाच विचारले, "आप्पा, म्या सोडली न्हाय. बघितलं न्हवं?"

डॉक्टरांनी मानेस पट्टा बांधला आणि भिण्याचे कारण नाही, असे सांगितले.

निपाणीचे कुस्त्यांचे मैदान दोन महिन्यांवर आहे. अश्विनी आत्ताच म्हणाली, "माती तुमीच लावायची हं, आप्पा."

माती लावताना या खेपेस तिला काय सांगावे? आपण काय सांगितले असते?