टीव्हीवरचे आरतीचे पाणी

विज्ञानाचे प्रयोग दाखवणारे टीव्हीवरचे कार्यक्रम मुलांनी पाहावेत की नाही, हा प्रश्न मला प्रथम एका जळालेल्या पडद्यामुळे विचारण्यात आला. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात, आमच्या घराजवळच्या शाळेत पालकांची सभा होती. मी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका आणि माझी नात त्याच शाळेत सहावीत, म्हणून मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली होती. एका आईने उभे राहून सांगितले की, तिच्या मुलाने टीव्हीवर पाहून आगकाड्यांचे रॉकेट केले आणि खिडकीच्या पडद्याचा कोपरा जाळला.

"पडद्याचं जाऊ द्या, टीचर. तो सासूबाईंनी निवडला होता," ती म्हणाली आणि सभा हसली. "पण हे बघू द्यायचं की बंद करायचं, ते एकदाचं सांगा."

मी सांगितले, बघू द्यावे. मोठ्या माणसाने शेजारी बसावे, विस्तवाचा प्रयोग घरी करू नये, आणि मुलाने पाहिलेले त्याच दिवशी स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे, एवढे पाळले की भीती नाही. इथे थांबले असते तर बरे झाले असते. पण मी पुढे म्हणाले की, आपल्याकडे सर्वांत जास्त पाहिला जाणारा जो प्रयोगांचा कार्यक्रम आहे, तो तयार करणारा माझा विद्यार्थी आहे आणि त्याची हमी मी देते.

हा विद्यार्थी जवळच्या तिरुविसनल्लूर खेड्यातून रोज सकाळच्या बसने येई. शाळा सुटल्यावर पुढची बस येईपर्यंत तो प्रयोगशाळेत थांबे, परीक्षानळ्या धुऊन उपड्या लावी, आणि धुता धुता शंका विचारी. कपाटाची किल्ली मी ज्यांच्या हातात दिली असे विद्यार्थी माझ्या सगळ्या नोकरीत दोन झाले. त्यांपैकी हा एक. पुढे तो चेन्नईला गेला आणि टीव्हीसाठी मुलांचे कार्यक्रम करू लागला. गावी आला की मला भेटल्याशिवाय परत जात नसे.

सभेनंतर थोड्याच दिवसांनी त्याचा फोन आला. घरातल्या नेहमीच्या वस्तूंतले विज्ञान असा भाग त्याला कुंभकोणमच्या एखाद्या घरात करायचा होता. मी ताबडतोब आरतीचे पाणी सुचवले. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायला हवे. या भागात नवे जोडपे दारात आले, बाळंतीण बाळाला घेऊन आली, की हळद आणि चुना पाण्यात कालवून ते ताटात घेतात, त्यांच्यावरून ओवाळतात आणि दारापुढे ओततात. पिवळी हळद आणि पांढरा चुना मिळून पाणी लाल होते. आम्ही तंजावरकडचे मराठी लोक. आमचे दिव्याचे औक्षण आम्ही सोडले नाही, पण इतक्या पिढ्यांच्या शेजारात हे लाल पाणीही आमचे झाले. त्यात लिंबू पिळले तर ते पुन्हा पिवळे होते, हे मात्र कोणी करून पाहत नाही. प्रयोग माझ्या नातीने करावा असे ठरले.

"आता आम्हांला वेळेवर कॉफी मिळायची नाही," यजमान म्हणाले. "घरात नट-नटी झाली."

नातीने आठवडाभर तयारी केली. माझा नियम तिला पाठ होता: निरीक्षण शाईने लिहायचे, खोडरबर वापरायचे नाही, चुकलेच तर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची. पहिल्या दिवशी तिने यजमानांच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला. डॉक्टरांनी पान बंद केल्यापासून तो डबा फळीवर होता आणि चुन्याची ढेकळे झाली होती. पाणी लाल झालेच नाही. पिवळेच राहिले, जरा गढूळ. मला कारण माहीत होते, पण मी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिने हळद बदलून पाहिली. तिसऱ्या दिवशी तिने बाजारातून ओला चुना आणायला लावला आणि पाणी विटकरी लाल झाले. तेव्हा मी तिला सांगितले की, चुना हवेत उघडा राहिला की हळूहळू त्याचा खडू होतो, आणि खडूत हळदीचा रंग पालटण्याइतका जोर नसतो. तिने वहीत लिहिले: "आजोबांचा चुना मेला होता. मला तो मेल्याचे पाण्यावरून कळले." वाक्य शास्त्रीय नव्हते, तरी मी ते तसेच राहू दिले. तीन दिवसांत स्वतः शोधलेली गोष्ट होती ती, आणि कॅमेऱ्यापुढे तिला तीच सांगायची होती. विद्यार्थ्याला फोनवर ऐकवले तेव्हा तोही म्हणाला की, हाच खरा प्रयोग.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी तो चार माणसे घेऊन आला, दारातच माझ्या पाया पडला. दिवे लावले, पडदे ओढले, ओसरीवर टेबल मांडले. थोड्या वेळाने तो मला म्हणाला की, टीचर, तुमच्या शिकवण्यावर पाच मिनिटे बोला, ते आतल्या खोलीत घेऊ, बाहेर आवाज फार आहे. मी केस नीट केले आणि आत गेले. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. कॅमेऱ्यापुढे बसलेल्या माणसाला वेळ कळत नाही, आणि मला बोलायला आवडते. बाहेर आले तेव्हा प्रयोग आटोपला होता. नात टेबलाजवळ गप्प उभी होती. दमली असेल, असे मी धरले.

भाग प्रसारित व्हायला जवळजवळ दीड महिना गेला. त्या संध्याकाळी शेजारची दोन कुटुंबे आमच्याकडे येऊन बसली होती. पडद्यावर माझी नात आली, तिने हळदीच्या पाण्यात चुना टाकला, आणि पाणी लाल झाले. शेजारणीने टाळी वाजवली. मी वाजवली नाही. हळद-चुन्याचा लाल मी लहानपणापासून दारापुढे ओतलेला पाहत आले आहे. तो दाट असतो, गढूळ असतो, भाजलेल्या विटेसारखा असतो. पडद्यावरचे पाणी सरबतासारखे नितळ होते, पलीकडच्या दिव्याचा उजेड त्यातून दिसत होता. मग लिंबाचा एक थेंब पडला आणि ते क्षणात सोनेरी झाले. आमच्या ओसरीवर त्याला अख्खे दीड लिंबू लागत होते, आणि तेही ढवळत बसावे लागे. मेलेल्या चुन्याचा उल्लेख कोठेच नव्हता. नात कॅमेऱ्याकडे पाहून हसत म्हणत होती, "पहिल्याच प्रयत्नात!" त्यानंतर मी आले. माझ्या खोलीत, नीट केलेल्या केसांनी, मी सांगत होते की विज्ञान म्हणजे प्रामाणिकपणे पाहणे.

 दुसऱ्या दिवशी सकाळी, नातीची वेणी घालताना, मी विचारले. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. येथे दोन्ही बोलणी मी छापील मराठीत देत आहे.

"तो रंग तू केलास?"

"नाही. अंकलनी बाटलीतून घातला. तीन ग्लास होते. एक पिवळा, एक लाल, परत एक पिवळा. मध्ये मध्ये कॅमेरा बंद करायचे."

"मग मला कां नाही सांगितलंस?"

तिने मान वळवली, त्यामुळे पेड हातातून सुटला. "तुला सांगायचं काय? अंकल म्हणाले, टीचरना सगळं माहीत आहे."

ती वेणी मी पुरी केली की नाही, आठवत नाही. दीड महिना ही मुलगी माझ्याबरोबर जेवली, माझ्याशेजारी झोपली, आणि सगळा वेळ ती असे समजत होती की, मला हे ठाऊक आहे, मला हे मान्य आहे, म्हणूनच मी मुद्दाम आत जाऊन बसले. मी तिला सांगितले की मला यातले काहीही माहीत नव्हते. तिने ऐकून घेतले आणि दप्तरातून शाळेची विज्ञानाची वही काढून माझ्यापुढे ठेवली. मधल्या काळात वर्गाला दहा मूग ओल्या कापडात घालून किती मोड येतात ते पाहायला सांगितले होते. तिच्या वहीत लिहिले होते: दहापैकी दहा.

"सहाच आले होते," ती म्हणाली. "पण बरोबर उत्तर दहा असणार ना?"

ती खोटे लपवत नव्हती. शिकलेली पद्धत मला दाखवत होती.

विद्यार्थ्याला मी दुपारी फोन केला. बोलताना आवाज चढू द्यायचा नाही असे ठरवले होते आणि तसे केले. त्याने नाकारले नाही. तो म्हणाला की, खरा रंग कॅमेऱ्यात चिखलासारखा दिसत होता; चुना मेला, मग नवा आणला, हे सांगत बसलो तर मुले चॅनेल बदलतात; तत्त्व तर खरेच आहे, हळद चुन्याने लाल होतेच, आपण फक्त ते ठळक केले. मी म्हटले, तत्त्वाचे राहू दे. मला सगळे माहीत आहे असे तू त्या मुलीला कां सांगितलेस?

 तो नेहमीच्या नम्र आवाजात म्हणाला, "टीचर, ती रडायला लागली होती. तुमचं नाव घेतल्याशिवाय ती करेना. आणि रागावू नका, पण बारावीच्या प्रात्यक्षिकाला तुम्ही आमच्या रांगेतून जाताना हळूच आकडा सांगितला होता. एकोणीस दशांश आठ. अख्ख्या रांगेनं तोच लिहिला. मला ब्युरेटच्या नळीवरचं माप नीट वाचताही आलं नव्हतं त्या दिवशी. मी तेव्हापासून समजत आलोय की, उत्तर खरं असलं की बाकीचं चालतं."

मी फोन ठेवला.

आकडा खरा होता. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक येई. तो चहाला गेला की शिक्षकाने आधी स्वतः काढून ठेवलेले माप मुलांच्या कानांवर घालायचे, ही आमच्याकडची रीत होती. सगळेच करत, म्हणून मीही केले. खेड्यांतून बसने येणारी मुले होती, घरी पहिल्यांदाच कोणी बारावीला बसलेले, आणि त्या गुणांवर कॉलेजचा प्रवेश अवलंबून असे. मी याला दया म्हणत असे. वर्षभर एकीकडे खोडरबर जप्त करायचे आणि त्या एका सकाळी आकडा सांगायचा, यांत विसंगती आहे हे मला कधी जाणवले नाही. माझ्याशी दगा झाला, हे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. त्याने माझ्या घरात, माझ्या नावाने, माझ्या नातीला खोटे बोलायला लावले, आणि ते होत असताना मला स्तुतीच्या खोलीत बसवून ठेवले. पण त्या दग्याचा पहिला धडा त्याने कोठे गिरवला, हेही मला त्याच फोनवर कळले.

पुढच्या पालकसभेत मी आपण होऊन उभी राहिले आणि दिलेली हमी परत घेतली. काय झाले ते क्रमाने सांगितले, बारावीच्या आकड्यासकट. पालकांत माझे दोघे-तिघे जुने विद्यार्थी होते. एक जण हसला, एक जण खाली पाहू लागला. पडद्यावाल्या आईने विचारले, "मग टीचर, दाखवायचं की नाही? आमचा तर आता विस्तवाकडे जात नाही."

मी म्हटले की, विस्तव दिसतो, आणि दिसतो म्हणून आपण मुलाला मागे ओढतो. माझी भीती वेगळी आहे. जो कार्यक्रम कधीच चुकत नाही, तो पाहणाऱ्या मुलाला स्वतःचा न जमलेला प्रयोग लाजेचा वाटू लागतो, आणि लाज वाटली की ते सहाचे दहा करते. तुमच्या कार्यक्रमात एखादा प्रयोग फसलेला दाखवतात का, ते महिनाभर पाहा. दाखवत असतील तर खुशाल बघू द्या. नसतील तर मुलाबरोबर तोच प्रयोग घरी करा, आणि तो फसेपर्यंत थांबा. हे उत्तर लांबले, आणि त्या आईला ते पटले असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले नाही. तिला हो किंवा नाही हवे होते.

नातीला मी आकड्याची गोष्ट सभेच्या आधीच सांगितली होती. बाहेर कळण्याआधी तिला माझ्याकडून कळावी, एवढेच मला करता येण्यासारखे होते. तिने विचारले, "तेव्हा अंकलना कुणी सांगितलं नाही का, की असं नसतं?" मी म्हटले, सांगणारी मीच होते.  दुसऱ्या दिवशी शाळेच्या वहीत तिने दहावर एक आडवी रेघ मारली, शेजारी सहा लिहिले आणि त्याचे दोन गुण गमावून आली. मला दाखवायला मात्र तिने वही आणली नाही. दप्तर आवरताना माझ्या दृष्टीस पडली.

आमच्याकडचा मोठा पाऊस कार्तिकात येतो; यंदा तो चार दिवस थांबला नाही. एका सकाळी लवकर उठून मी बातम्या लावल्या. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली होती. मी तिला हलवून सांगितले की आज शाळा नाही, झोप. अशा सकाळी ती पूर्वी पांघरूण डोक्यावर ओढून घेई. त्या दिवशी ती उठली, ओसरीवर गेली, आणि कठड्यावरून शेजारणीला विचारले की आज सुट्टी आहे का. शेजारीण हो म्हणाली. तेव्हा ती परत आली आणि माझ्याशेजारी पडून लगेच झोपली.

ऐकलेले तपासून पाहावे, हे मी सगळी नोकरीभर शिकवले. त्या सकाळी मी बराच वेळ पावसाकडे पाहत बसले होते.