साठ आत, पंधरा बाजूला

चहा घ्या आधी. एकदा सांगायला लागलो की तुम्ही मधेच हसणार, आणि गरम चहा नाकात गेला तर त्याचं पाप मला नको.

माझ्या हुशारीबद्दल गावात कधी दोन मतं नव्हती. आजही नाहीत. फक्त त्या शनिवारी ते मत बदललं, एवढंच.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका राइस मिलमध्ये सॉर्टर मशीन चालवतो. वरून तांदळाची धार पडत असते, मशीनचा कॅमेरा त्यातला काळा दाणा हेरतो आणि हवेच्या एका फटक्यानं बाजूला उडवतो. बारा वर्षं मी हेच बघतोय. त्यामुळे पौर्णिमानं मला कार्डांचा एक खेळ पहिल्यांदा दाखवला, तेव्हा माझी शैली कोणती हे मला पाच मिनिटांत कळलं.

पौर्णिमाचं मूलच्या बसस्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिच्यामुळे या खेळात आलेला दुसरा म्हणजे रोशन, माजरीच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. आम्ही तिघं. खेळ राजा-राणीच्या पत्त्यांचा नव्हे. ही विकत घ्यायची कार्डं असतात, त्यांवर राक्षस, जादूगार, वादळं अशी चित्रं. प्रत्येकानं आपल्याकडच्या कार्डांतून साठ निवडून स्वतःचा डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढायचं. पौर्णिमा लहान लहान प्राणी धडाधड सोडते आणि चौथ्या चालीत तुमचा जीव घेते. माझा डेक मात्र कंट्रोल. कंट्रोल म्हणजे आपण घाई करायची नाही आणि समोरच्याला काही करू द्यायचं नाही. त्यानं प्राणी सोडला, मारा. जादू टाकली, अडवा. तो थकला की शेवटी एक मोठा राक्षस काढून शांतपणे खेळ संपवायचा. काळा दाणा आला की फटका. मिलमधलंच काम, फक्त धूळ नाही.

आणि या साठांशिवाय आणखी पंधरा कार्डं बाजूला ठेवता येतात. त्यांना साइडबोर्ड म्हणतात. सामना तीन डावांचा. पहिला डाव झाला की समोरचा कसा खेळतो ते कळतं, मग साठातली निकामी कार्डं काढून बाजूच्या पंधरातली कामाची आत घ्यायची. खरी अक्कल इथे लागते. यासाठी मी एक वही केली होती. समोरचा असा असेल तर ही चार बाहेर, ती चार आत. तसा असेल तर तिसरंच. रोशन ती वही बघून मला सर म्हणायला लागला होता, आणि मी त्याला कधी अडवलं नाही.

रविवारी चंद्रपूरला स्पर्धा होती. पहिल्या चारांना नागपूरच्या मोठ्या स्पर्धेत थेट जागा. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी दहाला, दोघांनी माझ्या गावात यायचं, समाज मंदिरात बसायचं आणि डेकची शेवटची तपासणी करायची असं फोनवर ठरलं. समाज मंदिराची किल्ली माझ्याकडेच असते. शुक्रवारी संध्याकाळी मिलमधून निघता निघता मी आमच्या ग्रुपवर आठवणीचा मेसेज टाकला. आमच्या तिघांच्या ग्रुपवर, असं मी समजत होतो. तो गेला गावच्या ग्रुपवर. मेसेज जशाच्या तसा सांगतो, माझ्याकडे अजून आहे. म्हणजे सगळ्यांकडेच आहे.

"उद्या सकाळी १० वाजता समाज मंदिरात कंट्रोलची फायनल तपासणी. सगळ्यांनी आपापले कार्ड घेऊन यावे. साठ आत राहतील, पंधरा बाजूला ठेवू. बाकीच्यांचा विचार होणार नाही. जे कार्ड कामाचे नाही ते दयामाया न दाखवता काढून टाकायचे आहे. उशीर झाल्यास मी जबाबदार नाही."

तुम्ही आमच्याकडचे असाल तर आत्ताच हसला असाल. नसाल तर सांगतो. आमच्या भागात रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलचा गहू. आणि तो घ्यायला काय लागतं? कार्ड.

गावचा ग्रुप मी कायमचा म्यूट करून ठेवलाय. त्यामुळे रात्रभरात तिथे काय झालं ते मला कळलंच नाही.

सकाळी साडेनऊला दोन्ही डब्या खिशात घालून निघालो. एका डबीत साठ, दुसरीत पंधरा. समाज मंदिरापाशी पोचलो तर बाहेर चपलांचा ढीग. ओट्यावर बाया, झाडाखाली म्हातारे, रस्त्यावर बाकीचे. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. शेतात लाखोळीचं पीक उपटायला जायचे दिवस, आणि अर्धं गाव इथे.

आता शहाण्या माणसानं काय करावं? विचारावं, बाबांनो, काऊन जमले? पण मी तेव्हा आत्मविश्वासानं इतका भरलेला होतो की मला वाटलं, हे आपला खेळ बघायला आलेत. वर्षभर पानठेल्यावर, न्हाव्याकडे, सगळीकडे मी या खेळाबद्दल सांगत होतो. आज गावाला त्याची किंमत कळली. मी शर्टाची कॉलर ताठ केली.

मी कुलूप काढलं, सगळ्यांना आत बसवलं आणि खुर्चीवर उभा राहून भाषण सुरू केलं.

म्हटलं, कंट्रोल म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. कंट्रोलचा एकच नियम. समोरच्याला काही मिळू द्यायचं नाही. तो जे मागेल ते अडवायचं. कार्ड हातात आहे, पण त्याचा उपयोग शून्य, अशी त्याची अवस्था झाली पाहिजे. तो थकतो, कंटाळतो, शेवटी स्वतःच उठून जातो. तेव्हा समजायचं की कंट्रोल बरोबर चाललंय.

सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, गुंगले. मागून कोणीतरी हळूच म्हणालं की हे तर दरवर्षीच होते, यात नवीन काय. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या रांगेत आमच्या शेजारच्या काशीबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, एकट्या राहतात. त्यांनी पिशवी छातीशी धरून विचारलं, "प्रफुल, साठच काऊन ठेवून राह्यला बापा? गावात तर दोनशेच्या वर कार्ड हायेत."

मला प्रश्न फार आवडला. म्हटलं, काशीबाई, सगळे नवे लोक इथेच चुकतात. वाटतं की सगळीच ठेवावी. पण जास्त ठेवली की कामाचं कार्ड वेळेवर येत नाही. म्हणून जे जुनं झालं, हळू चालतं, शेवटी शेवटी कामाला येतं, ते पहिलं काढायचं.

काशीबाईंनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, धूळ गेली असेल.

"आन् ते पंधरा?" त्यांच्या मागच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. "बाजूचे?"

ते बाजूला बसून राहतील, मी म्हटलं. गरज पडली तर आत घेऊ. कोणाला घ्यायचं ते मी वहीत लिहून ठेवलंय.

झालं. वहीचं नाव निघालं आणि सभा उसळली. सगळे एकदम बोलायला लागले. वही दाखव. माह्यं नाव हाय का पाह्य. त्याचं नाव असंनच, तो तुह्या मिलमध्ये हाय. एक बाई तर मला विनवायला लागली की तिचं नाव काढायचं असेल तर काढ, पण सुनेचं राहू दे, तिचं लेकरू लहान आहे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात पहिल्यांदा शंका शिरली. कार्डांच्या खेळात हिची सून कुठून आली?

तेवढ्यात दारातून देवरावभाऊ आत आले. आमच्या गावचं कंट्रोलचं दुकान त्यांचं. एका काखेत रजिस्टर, दुसऱ्या हातात अंगठा घ्यायचं मशीन, आणि चेहरा असा की रात्रभर झोप नाही. ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वीस वर्षं झाले मी दुकान चालवून राह्यलो," ते म्हणाले. "काही चुकलं असंन तं मले सांगायचं होतं, प्रफुल. असं गावासमोर तपासणी लावायची? तुले कोणं पाठवलं?"

मी म्हटलं, भाऊ, कसली तपासणी? त्यांनी मोबाइल काढून माझ्या नाकासमोर धरला. वर माझं नाव. खाली माझा मेसेज. त्याखाली एकशे चौदा उत्तरं.

मी तो मेसेज वाचला. मग परत वाचला, या वेळी कंट्रोलच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांनी. माणसाच्या आयुष्यात असा एखादा क्षण येतो की खुर्चीवरून खाली उतरणंसुद्धा अवघड होऊन बसतं.

नेमके तेव्हाच पौर्णिमा आणि रोशन मोटरसायकलवरून पोचले. मी खिशातली दुसरी डबी उघडली आणि पंधराच्या पंधरा कार्डं काशीबाईंच्या हातात दिली. म्हटलं, बाई, मी या कार्डांबद्दल बोलत होतो. त्यांनी वरचं कार्ड दूर धरून बघितलं, त्यावरचा सात तोंडांचा साप बघितला, आणि पुढच्या हातात दिलं. ती कार्डं अख्ख्या समाज मंदिरातून फिरली. कोणी रागावलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. फक्त देवरावभाऊ मटकन खाली बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

मी हात जोडून माफी मागितली. पण लोक उठेनात. काशीबाई म्हणाल्या, "आता आजचा दिवस तं गेलाच. मशीन इथी हाय, हे फॉर्मवाली पोरगी इथी हाय. आमचं जे अडलं हाय ते करून द्या."

आणि खरंच, अडलेलं खूप होतं. कोणाचा अंगठा जोडायचा राहिला होता, कोणाच्या लेकराचं नाव चढलं नव्हतं, कोणाची पोरगी लग्न होऊन तेलंगणात गेली तरी इथल्या कार्डावर होती. पौर्णिमानं पिशवीतून लॅपटॉप काढला. देवरावभाऊंनी मशीन सुरू केलं. रोशननं वायर ओढून लाइट जोडला. मला त्यांनी लोकांचे आधार कार्ड घेऊन रांग लावायला बसवलं. डेक, साइडबोर्ड, सराव, सगळं राहिलं. दुपारी चारपर्यंत आम्ही तेच करत होतो.

काही म्हाताऱ्यांचे अंगठे मशीन घेत नव्हतं. जन्मभर धानाची रोवणी आणि मोळ्या, बोटावरच्या रेषा झिजून गेलेल्या. पौर्णिमा म्हणाली, यांचं काम दुसऱ्या पद्धतीनं होते, सोमवारी माझ्या दुकानातून करू, तोवर यांचे आधार कार्ड बाजूला ठेवा. मी ठेवले.

रविवारी चंद्रपूर. हॉलमध्ये चाळीसेक खेळाडू, नागपूरचीही पोरं आलेली. कागदावर साठ आणि पंधरा कार्डांची यादी लिहून दिली, वहीतून पाठच होती. पहिल्या फेरीत माझ्यासमोर नागपूरचा एक चष्मेवाला. पहिला डाव मी त्याचा चोळामोळा करून जिंकलो. मग त्यानं आपला साइडबोर्ड काढला. मीही खिशातून दुसरी डबी काढली, बोटानं झाकण उडवलं आणि कार्डं पंख्यासारखी पसरली.

समोर काशीबाई. त्यांच्याशेजारी तो मागच्या रांगेतला म्हातारा. असे तेरा जण, एका ओळीत, सगळे माझ्याकडे बघतायत.

चष्मेवाल्यानं वाकून पाहिलं आणि शांतपणे हात वर करून पंचांना बोलावलं. पंच आले. त्यांनी एक आधार कार्ड उचललं, मागून-पुढून पाहिलं, आणि अगदी आदरानं मला विचारलं, "सर, हे कोणत्या मालिकेतलं आहे?"

मी खरं ते सांगितलं, की बाजूला ठेवा म्हटल्यावर ती मी सवयीनं रिकाम्या डबीत ठेवली होती. पंचांनी निर्णय दिला की यादीतल्या पंधरापैकी एकही कार्ड हजर नाही, तेव्हा तुम्हाला बदल करता येणार नाही. दिवसभर त्याच साठ कार्डांवर खेळा. मी देवरावभाऊंना फोन लावला. गावभर फिरून आलेली माझी पंधरा कार्डं त्यांच्या रजिस्टरमध्ये व्यवस्थित ठेवलेली होती. तेरा आधार कार्डं मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, छातीशी, आणि मनातल्या मनात नागपूरला रामराम केला. साइडबोर्डशिवाय मी म्हणजे फक्त साठ कार्डांचा माणूस.

पण दुसरा डाव मी जिंकलो. पुढची फेरी जिंकलो. त्याच्या पुढची पण. वही बघायची नाही, काही काढायचं नाही, काही घालायचं नाही, फक्त खेळायचं. संध्याकाळी निकाल लागला तेव्हा मी चाळिसांत तिसरा होतो. नागपूरची जागा पक्की. इतका वर मी आयुष्यात कधी आलो नव्हतो.

परतीच्या बसमध्ये मी काही कोणाला बोलू देत नव्हतो. सगळी अडचण, सगळे डाव, बघा म्हटलं, हात बांधलेले असताना माणूस काय करून दाखवू शकतो. रोशन मान हलवत होता. पौर्णिमा खिडकीतून बाहेर बघत बोटांवर काहीतरी मोजत होती. मूल जवळ आलं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"प्रफुलभाऊ, मी मांघचे सारे सामने आठवून पाह्यले," ती म्हणाली. "पहिला डाव तुमी दरवेळी जिंकत होते. मंग वही काढायचे आन् पुढचे दोन हरायचे."

"मग?"

"मंग काई नाई. आतापर्यंत तुमाले दुसरं कोणी हरवतच नव्हतं."