धान्याच्या काट्यावर मुलगी

वयात आलेल्या मुलीला मी धान्याच्या काट्यावर उभं करत होतो, भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत. ही चूक माझी. आधी लिहून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे.

राजापेठेत आमचं धान्याचं दुकान. घरातली सगळी लेकरं तान्ही असल्यापासून दुकानातल्याच काट्यावर मोजली जायची. वजन वाढलं की माझे वडील हातावर गुळाचा खडा ठेवत. चांगली पद्धत होती, मी ती नासवली. मुलगी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकायला गेली. सुट्टीला आली, की बॅग खाली ठेवायच्या आत मी म्हणायचो, "चढ काट्यावर."

"भाऊ, हे तं तुरीच्या कट्ट्याले भारी पडून राहिली!" कोणीतरी गिऱ्हाईक तुरीच्या पोत्याकडे बोट दाखवत म्हणायचं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो. तीही हसायची.

मग दर सुट्टीला आकडा उतरत गेला आणि आम्ही खूश! माझी बहीण म्हणाली, "आता कशी दिसून राहिली! आता पोरगं पाहा हिच्यासाठी." शेजारीण विचारायची, काय खातेस गं? काय खाणार? ती खातच नव्हती. खाल्लं तर बाथरूममध्ये जाऊन ओकत होती. ओकण्याचा आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची, आणि पाणी वाया जातं म्हणून मी बाहेरून ओरडायचो.

हे मला कळलं ते ती विद्यापीठाच्या शेतात चक्कर येऊन पडली तेव्हा. बसनं अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो. खोलीबाहेर तिची वसतिगृहातली मैत्रीण बसली होती.

"काका, सुट्टी जवळ आली का ही जेवन सोडते. म्हन्ते, बाबा दुकानात वजन करतीन."

"मंग आधी कावून नाही सांगितलं?" मी त्या पोरीवरच खेकसलो. काय माणूस आहे मी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हट्ट नव्हे, आजार आहे. स्वतःची किंमत तिला शरीरापलीकडे कुठंच दिसत नाही. सावरायला वेळ लागेल. भेटायला आलेले नातेवाईक मात्र दारातच म्हणाले, "आजकालच्या पोरींचे नखरे." मी ओरडलो, "चूप बसा! निघा इथून!" ते गेले. मला बरं वाटलं, पण फार वेळ नाही. त्यांना तिची किंमत कशी कळणार? पहिल्या वर्षी ती वर्गात पहिली आली. ते सांगायला ती धावत दुकानात आली होती, आणि मी म्हणालो होतो, "ते ठीक आहे, आधी काट्यावर चढ."

आत गेलो. सलाइन लावलेला तिचा हात चादरीवर होता. मनगट पाहवेना.

"बाबा, दुकान कोनाजवळ सोडलं?"

"बंद आहे."

"रागावले काय?"

"हो. पन तुयावर नाही."

ती भिंतीकडे पाहत राहिली. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. आयुष्यभर भाव करण्यातच चालवलेली जीभ कशीबशी वळवली.

"माय," मी म्हणालो, "चारचौघात मी तुले हसलो. तू हसत होती म्हनून तुले लागत नाही, असं समजलो. बाप असून मले कळलं नाही. मी चुकलो. मले माफ कर."