ताईनं अण्णांना दिलेल्या दोन सऱ्या

"सुधा, मालू उठत नाहीये गं..." भल्या सकाळी अण्णांचा फोन आला आणि मी नल्लकुंट्याहून अंबरपेठेला कशी पोचले, देव जाणे. महिना होऊन गेला त्याला. लेक गेल्याचा फोन बापानं करायचा, याहून वाईट काय असतं? पण रडगाणं लिहायला मी बसलेली नाही, ताईला ते खपलंही नसतं. मला तिचे उपकार सांगायचेत.

मालू माझी थोरली बहीण. शहराबाहेर घटकेसरच्या पलीकडे आमचा भाजीचा मळा. अण्णांचे गुडघे गेले तेव्हा मी नोकरी आणि संसार यांत गळ्यापर्यंत बुडालेली. मळा हिनं अंगावर घेतला आणि पहिल्या झटक्यात गावरान टोमॅटो काढून संकरित लावला. अण्णा खवळले. "चव ना ढव! नुसते रबरी चेंडू!" ताई म्हणाली, "तुमचा चवीचा आहे, हौ, पण बाजारात पोचेपर्यंत त्याचं सार होतं. हा टिकतो, झाडाला लागतो भरपूर. बियाणं महाग, औषधं महाग, सगळं कबूल... पण व्यापारी उचलतो ना?" उचलला की! त्याच रबरी चेंडूंवर अण्णांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि म्हातारा पुन्हा मळ्यात हिंडू लागला.

हिंडू लागला आणि घोळ करून बसला. संकरित फळांतली उत्तम फळं निवडून अण्णांनी गुपचूप बी धरलं, रोपं केली आणि ऐटीत ताईपुढे ठेवली. "बियाण्याचा खर्च वाचवला बघ तुझा!" आता संकरिताचं बी धरायचं नसतं. पुढच्या पिढीत एक झाड आईवर जातं, एक आजोबांवर, एक कुणावरच नाही. पण जन्मभर गावरानाचं बी धरलेले हात ते, सवयीनं चालले. मी ताईला कोपऱ्यात घेतलं, "अगं, सांग की त्यांना!" ती म्हणाली, "नक्को. दोन सऱ्या देते त्यांना. बाकी मळ्यात विकतचं लावते."

व्हायचं तेच झालं. त्या दोन सऱ्यांत एक फळ लिंबाएवढं, दुसरं पिवळट, तिसरं भोपळ्यासारखं कंगोरेदार. व्यापारी हसला, "क्या चाचा, खिचडी उगाए?" झालं. अण्णांनी मळ्यात जाणंच सोडलं. जेवताना मान वर करीनात. "मला आता काही कळत नाही," एवढंच म्हणायचे. मला धसका बसला, हे आता असेच खचत जाणार.

मग एका दुपारी ताईनं त्या खिचडीची पाटी त्यांच्यापुढे आणून ठेवली. "यातला कुठला धरायचा पुढच्या वर्षी? मला नाही समजत."

"फेकून दे सगळे."

"फेकते. आधी चाखून सांगा."

अण्णांनी तोंड वाकडं करत एकेक चाखला... आणि बऱ्याच वेळानं एक कंगोरेदार फळ बाजूला सरकवलं. "याचं बी धर."

दर वर्षी मग हेच. अण्णांनी चाखून निवडायचं, ताईनं त्या दोन सऱ्यांत लावायचं. हळूहळू झाडं सारखी निघू लागली आणि आंबटगोड, पातळ सालीचा एक वेगळाच टोमॅटो स्थिरावला. लांब पाठवायच्या कामाचा नाही, अंबरपेठेतच रस्त्याकडेला पाटी मांडून विकायचा. मळा मात्र शेवटपर्यंत संकरितावरच चालला. मी एकदा विचारलं, "त्या दोन सऱ्यांतही संकरित लावला असतास तर?" ती म्हणाली, "जास्त पैसे आले असते. अण्णा आले नसते." माझा बाप तिनं मला असा परत दिला. हे ऋण मी कुठं फेडू?

गेल्या रविवारी अण्णा पाटी घेऊन बसायचंच म्हणाले. ऐकतात थोडेच! मीही शेजारी बसले. एका बाईनं फळ उचलून विचारलं, "देसी है क्या जी?" मी हो म्हणणारच होते, त्या एका शब्दानं भाव चढतो. तेवढ्यात अण्णा बोलले.

"देसी नय, अम्मा. मेरी बेटी का है."