आखूड हाताची सेंगमलम

सेंगमलमचा हात आखूड होता, आणि फुलं विकणाऱ्या बाईला याहून मोठा शाप नाही. वेळ्ळामंगलमच्या देवळात गजरा हातावर मोजतात. बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत एक मुळम. त्यामुळे गिऱ्हाईक आधी फुलं बघतं आणि लगेच विकणारीचा हात. बाहेर गोपुराशी बसणाऱ्या पट्टम्माळचा हात ताडासारखा. सेंगमलमचा तिच्याहून चार बोटं कमी.

"अक्का, तुझ्या मुळममध्ये माझी अर्धी वेणीसुद्धा झाकत नाही," बायका म्हणायच्या.

"मग वेणी काप थोडी," सेंगमलम म्हणायची. हातात जे कमी पडलं ते देवाने तिच्या जिभेत भरून काढलं होतं.

लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे बेचाळीस वर्षं, तिची बसायची जागा आतल्या मंडपात, तिसऱ्या खांबाशी. बरोबर डोक्यावर छताला नाचणाऱ्या बायकांची रांग रंगवलेली होती, नायक राजांच्या वेळची, कापराच्या धुराने काळवंडलेली. गिऱ्हाईक नसलं की जुई ओवता ओवता सेंगमलम त्यांच्याशी बोलायची. "अगं ए, चारशे वर्षं पाय उचलून उभी आहेस, पोटरीत गोळा नाही येत?" एकीच्या मानेचा ताठा तिला बघवत नसे, तिला ती थोरली नणंद म्हणायची. आणि रांगेतल्या एकीला डावा हात कोपरापासून पुढे नव्हताच, तेवढा पोपडा कधीतरी पडून गेला होता. उजव्या हाताची चिमूट मात्र शाबूत होती, डाव्या कोपराशी काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

या थोट्या बाईसाठी चेन्नईहून प्रोफेसर तिरुज्ञानम आले. काडीसारखा माणूस, गळ्यात दुर्बीण. तीन दिवस ते मंडपात चटई टाकून उताणे पडून होते. कोणीतरी नवस फेडतंय असं वाटून दोन बायकांनी त्यांच्या पायाशी केळी ठेवली. प्रोफेसर सारनी ती खाल्ली आणि पुन्हा दुर्बीण लावली.

चौथ्या दिवशी शुक्रवार. गर्दी मुंगीला वाट मिळणार नाही अशी, आणि शाळेच्या हेडबाई कोदैनायकी सेंगमलमशी हुज्जत घालत होत्या. "हा मुळम? तुझं कोपर बोटांना लागलंय की काय?"

नेमके तेव्हाच प्रोफेसर मागून वाकले. "अम्मा, वर ती बाई आहे ना, तिचा डावा हात कसा होता, कधी पाहिलंय तुम्ही?"

सेंगमलमने डावा हात ताठ पुढे केला, उजव्या चिमटीत कोपराशी गजऱ्याचं टोक धरलं आणि हेडबाईंवर ओरडली, "असाच! जन्मापासून असाच आहे! डोळे फाडून बघा!"

प्रोफेसर आणखी पुढे वाकले. "अजून एकदा दाखवा ना, अम्मा!"

"शंभर वेळा बघा!" ती म्हणाली, हेडबाईंनाच.

त्यांनी फोटो काढला, नमस्कार केला, आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. सेंगमलमला वाटलं, या शहरातल्या माणसाला गजऱ्याचं भारी अप्रूप दिसतंय.

मार्गळी महिन्यातल्या तिरुवादिरैच्या, म्हणजे नटराजाच्या उत्सवात उलगडा झाला. थोट्या बाईचं छतावर आहे तेवढ्याच मापाचं चित्र, आता दोन्ही हातांसह, खांबावर लागलं होतं. कुंभकोणमहून नाचणाऱ्या मुली आल्या होत्या. माइकवरून प्रोफेसरांनी सांगितलं, "हरवलेली हस्तमुद्रा आम्हाला मिळाली, ती पूज्य सेंगमलम अम्मांच्या स्मरणातून!" तिला शाल घातली, पहिल्या रांगेत बसवलं. कशाबद्दल ते तिला कळलं नव्हतं, पण शाल चांगली होती.

मृदंग वाजला. आठही मुलींनी डावे हात ताठ केले, उजव्या चिमटीने बोटांपासून कोपरापर्यंत ओढून आणलं, आणि मान तिरकी केली.

मग मागून पट्टम्माळचा आवाज आला, "दोन मुळम अबोली दे गं!"

जो हशा पिकला, त्यात मृदंग ऐकू येईना. मुलींना वाटलं, लोकांना आवडलं. त्यांनी तेच पुन्हा केलं. खुद्द भटजींनी उपरण्यात तोंड लपवलं.

"बघितलंत? लोकांनी लगेच ओळखलं!" प्रोफेसर धावत आले.

"सार," सेंगमलम शालीत आक्रसत म्हणाली, "मी इथे नवरी म्हणून आले तेव्हाही तिला हात नव्हता."

"मग 'असाच' म्हणालात ते?"

"ते माझ्या हाताबद्दल."

सारनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग छताकडे बोट दाखवलं. "पण अम्मा, चिमूट जुळते की हो. ती फुलंच मोजत असेल तर?"

"नाचता नाचता? आणि गिऱ्हाईक कुठंय?"

याचं उत्तर शोधायला प्रोफेसर परत चेन्नईला गेले. सेंगमलमचे मात्र हाल सुरू झाले. त्या नाचणाऱ्या मुली चांगल्या उंच, लांब हातांच्या; त्यांचंच माप बायकांच्या डोळ्यांत भरलं. बायका येऊन म्हणू लागल्या, "तुझ्या हाताने नको बाई. चित्रातल्या बाईच्या मुळमने दे." पट्टम्माळ तर गोपुरातून ओरडायची, "इथे मिळतो गं चित्रातल्या बाईचा मुळम!"

आठवडाभर सेंगमलमने ऐकून घेतलं. मग पुढच्या शुक्रवारी हेडबाई कोदैनायकींनी तेच म्हटलं, तशी ती शांतपणे उठली.

"चित्रातल्या बाईच्याच हाताने देऊ? नक्की?"

"नक्की."

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" ती खांबापाशी गेली आणि त्या छताच्या मापाच्या चित्रातल्या हाताला गजरा लावला. बोटांपासून कोपरापर्यंत जेमतेम चार बोटं भरला. तेवढाच तोडला आणि हेडबाईंच्या तळहातावर ठेवला. सहा कळ्या होत्या.

"घ्या. नायक राजांचा मुळम."

हेडबाईंचा चेहरा पाहून रांगेतल्या बायका खांब धरून हसल्या. शेवटी हेडबाईही हसल्या, त्या सहा कळ्या कानामागे खोचल्या आणि म्हणाल्या, "बरं बाई, आता तुझ्या हाताने दोन दे." त्या दिवशी सेंगमलमची टोपली दुपारीच रिकामी झाली. लोक मुद्दाम 'आखूड हातवालीचा मुळम' मागू लागले.

प्रोफेसर पुढच्या वर्षी पुन्हा आले. या खेपेला छतावरच्या थोरल्या नणंदेचं पाऊल पुसट झालंय म्हणून.

"अम्मा, हिचा पाय कसा होता, सांगता?"

सेंगमलमने मान वर केली नाही. "पायाचं मला नका विचारू, सार. बाहेर चपला सांभाळणारा मुरुगय्यन आहे, त्याला विचारा."

सार वही घेऊन खरंच तिकडे गेले. अर्ध्या तासाने सेंगमलमने वाकून पाहिलं, तर मुरुगय्यन एका पायावर उभा राहून त्यांना काहीतरी समजावत होता, आणि सार त्याचं पाऊल वहीत काढून घेत होते.