डोक्यावरची सॅक

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वेसाव्याला राहत होते आणि अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. तिथल्या मंडळींनी रेवसपासून मालवणपर्यंत किनाऱ्याने चालत जायचं ठरवलं. मला जायचंच होतं. पण घरात शब्द आईचा चाले. ती मासे विकायची, आणि तिचा शब्द होता ‘नाय’.

“दर्याचे काठानं चालाला डोंगरान कशाला मरतेस?”

प्रश्न चोख होता. पण लीडरचा नियम असा की थंडीत बोरिवलीच्या डोंगरात सराव करायचा, सॅकमध्ये विटा भरायच्या, आणि जो आपली सॅक स्वतः वर नेऊन खाली आणेल तोच मालवणला येणार. आई नाही म्हणत असतानाच एका रविवारी मी सरावाला गेले. माझी सॅक मागून आणलेली, जुनी. चढावरच तिचा पट्टा तुटला.

“वाट लागली ना यार, दे इकडे,” बरोबरचा एकजण म्हणाला.

दिली असती तर मालवण गेलंच. मी ओढणीची चुंबळ केली, सॅक डोक्यावर ठेवली आणि निघाले. कधी केलं नव्हतं, पण जन्मभर पाहिलेलं. मान आपोआप ताठ झाली. चढ झकास गेला. उतारावर मात्र पायाखालचं दिसेना, आणि एका आडव्या फांदीने सॅक उडवली. विटा घरंगळत खाली गेल्या. मी शिव्या घालत एकेक गोळा केली.

लीडर रागावला नाही, तेच जास्त झोंबलं. “डोक्यावर नाही चालणार गं. पट्टा नीट करून पुढच्या रविवारी ये, नाहीतर राहू दे.”

तणतणत घरी आले. आईने सॅककडे पाहिलंच नाही, माझ्या चपटलेल्या केसांकडे पाहिलं.

“डोईवर काय घेतलंस गो?”

सांगितलं. वाटलं, हसेल. कोळ्याच्या पोरीला डोक्यावरचा भार काय नवा? पण तिने माझं डोकं खाली वाकवलं आणि टाळूवरून हात फिरवला. तिच्या टाळूवरचे केस मासळीच्या पाटीने कधीच झिजले होते.

“याचेसाठी शिकवलं तुला?” ती ओरडली.

आता जाणं संपलं, असं मी धरून चालले. मला रडू आलं. तेवढ्यात तिने दाभण काढलं, जाळी सांधायचा नायलॉनचा दोरा काढला, आणि पट्टा शिवायला बसली. शिवून झाल्यावर दोन्ही हातांनी हिसडून पाहिला आणि सॅक माझ्या पाठीवर चढवली.

“जा मालवनला. पन अशी पाठीवर घेऊन जा. माझे डोईवर हाय तेवरा पुरं.”