मामीच्या भाषेतली रांग

पोहण्याच्या तलावावर मी दोन गृहस्थांना एकाच वेळी एकच लॉकर दिला आणि त्यातले एक दुसऱ्याची पँट घालून घरी गेले. नोकरीतली ही माझी पहिली ठळक कामगिरी.

लॉकर वाटणारा प्रोग्राम मामीच्या भाषेत लिहिलेला. लोकांच्या माम्या भाच्यांना भाषा शिकवतात, माझी सख्खी मामी भाषा बनवते. अनेक कामं एकदम चालावीत आणि एकमेकांच्या पायात येऊ नयेत, अशी संगणकाची भाषा. सात वर्षं तेच चाललंय. मी तिच्याच कंपनीत, अर्थातच वशिल्याने चिकटलेला.

साहेबांनी बजावलं, शुक्रवारपर्यंत कुटुंबांसाठी मोठ्या लॉकरची सोय बसवून दाखवा, नाहीतर सगळं नेहमीच्या भाषेत पुन्हा लिहू. म्हणजे मामीची सात वर्षं पाण्यात.

मी माफी मागायला गेलो. ती माझा कोड निवडत बसली होती, तांदळातले खडे काढावेत तशी. मी सांगितलं, लॉकरची वेळ वाढवून द्यायची सोय घालताना जुन्या कोडमध्ये सहा ठिकाणी बदल करायचा होता, मी पाच ठिकाणी केला.

"एका नव्या सोयीसाठी जुनं सहा ठिकाणी उकरावं लागलं?"

"हो."

"मग गाढवपणा तुझा एक, माझे सहा."

तिचं म्हणणं, काय करायचं आणि कोणी कधी थांबायचं, हे दोन्ही तिनेच एकत्र मळून ठेवलं होतं. पुढचे तीन दिवस ती ते सोडवत बसली. काम एकीकडे, रांगेचे नियम एकीकडे. नवं काही आलं की नवा नियम वर ठेवायचा, जुन्याला हात लावायचा नाही. मामाने फोन करून विचारलं, घरी कोणत्या भाषेत बोलावू म्हणजे येशील?

शुक्रवारी साहेब येऊन बसले. मामीने कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला.

"याच्या हातून चुकलं नाही, तर कोणाच्याच हातून चुकणार नाही."

मोठ्या लॉकरसाठी मी अकरा ओळी लिहिल्या. जुनी एकही हलली नाही. मग मुद्दाम एकच लॉकर दोघांना द्यायला गेलो, तर भाषेने ती ओळ घेतलीच नाही. दोनशे खोटे पोहणारे एकदम सोडले, सगळ्यांना वेगवेगळे लॉकर मिळाले. साहेब "चालू दे" म्हणाले, तेही जिवावर आल्यासारखं.

मामीने मोबदल्यात एकच मागितलं. नव्या मुलांसाठीच्या पुस्तिकेत पहिलं पान माझं, मी कसा चुकलो ते, खरं खरं. तीनदा लिहायला बसलो. दर वेळी चौथ्या ओळीपर्यंत चूक दुसऱ्याच कोणाची तरी होते.

पुस्तिका छापून आली आहे. दुसऱ्या पानापासून सुरू होते.